बदली तासाला रकाना नाही : शिक्षणशास्त्र अभ्यासमंडळाला खुले पत्र

मा. सदस्य,
शिक्षणशास्त्र अभ्यासमंडळ यांस,

सविनय नमस्कार.

मागच्या शनिवारी माझी बी.एड.ची सोळा आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा सराव, संपली. शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असलेलं प्रमाणपत्र मिळालं, मुलांनी एक गुलाब आणि एक निळं पेन दिलं, आणि मी साडेपाचच्या एसटीने घरी आले. फाइल पूर्ण आहे. पाठ टाचणं (पाठाची लेखी आखणी), निरीक्षणाची पानं, घटक नियोजन, संविधान तक्त्यासकट (प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यासकट) घटक चाचणी, कृतिसंशोधन, परिपाठाचा अहवाल, उपक्रमांचे फोटो, सगळं आपापल्या रकान्यात बसलंय. मी सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र बदली तासांना, म्हणजे शिक्षक वर्गावर नसताना त्यांच्याऐवजी घेतलेल्या तासांना, आणि बदली तासाला आपल्या एकाही नमुन्यात रकाना नाही. पत्र त्याबद्दल आहे.

कॉलेजात बोलून झालं. आमचे पद्धतीचे सर म्हणाले, "तुझं बरोबर आहे गं, पण नमुना विद्यापीठाचा." विद्यापीठाचा म्हणजे तुमचा. शिवाय वेळही बरी आहे. शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीई या केंद्रीय परिषदेने 2025 च्या फेब्रुवारीत नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचा बी.एड. परत येतोय, आणि चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम तर सुरूही झालेत. आज ना उद्या आंतरवासितेचं पान तुम्हाला नव्याने लिहायला घ्यावं लागणार. ते लिहिण्याआधी हे वाचलंत तर बरं.

माझी पद्धती, म्हणजे शिकवायचे विषय, गणित आणि विज्ञान. शाळा खाजगी अनुदानित, पाथर्डी तालुक्यातली, बीड जिल्ह्याच्या हद्दीकडे तोंड करून बसलेल्या एका गावातली. नाव सांगत नाही, कारण तक्रार शाळेबद्दल नाही. मला आठवीचा वर्ग मिळाला. पटावर 52. निम्म्याहून जास्त घरांतली माणसं दर हिवाळ्यात ऊसतोडीला जातात. गावात शिरताना बैलगाड्यांची चाकं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसतात, त्यावरून गावाचा धंदा कळतोच.

माझी आत्या नव्वदच्या दशकात बी.एड. झाली, एका वर्षात. तेव्हा सराव पाठ म्हणजे शाळेत जायचं, पाठ घ्यायचा, परत कॉलेज. शिक्षक प्रशिक्षणावरच्या 2012 च्या न्या. वर्मा आयोगानंतर एनसीटीईचे 2014 चे नियम आले, 2015-16 पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतला काळ वीस आठवड्यांचा : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. छात्राध्यापकाने शाळेत पाहुण्यासारखं येऊ नये, चार महिने तिथलाच होऊन राहावं. सोळा आठवडे आम्ही राहिलोही. पण आमचं मोजमाप अजून आत्याच्या काळातलंच आहे. किती पाठ झाले, किती पाठांवर सही झाली.

पाठ कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही ते केलेले आहेत. तरी आजच्या काळातला, माझा एक सांगते. निरीक्षक मॅडम गुरुवारी येणार असा निरोप बुधवारी आला. मी रात्री टाचण परत लिहिलं, कारण आधीच्यात खाडाखोड होती. तक्ता मागच्या बॅचच्या ताईकडून आणला. कोपऱ्यात तिचं नाव होतं, त्यावर पांढरा कागद चिकटवला. गुरुवारी प्रस्तावनेचे तीन प्रश्न विचारले. चौथा प्रश्न तोंडातून निघायच्या आधी पुढच्या बाकावरच्या पोराने हात वर केला आणि उत्तर सांगून टाकलं. बरोबर होतं. हाच पाठ मंगळवारी माझ्या मैत्रिणीने शेजारच्या तुकडीत घेतला होता आणि मधल्या सुट्टीत प्रश्न फुटले होते! मग तोच पोरगा म्हणतो, "मॅडम, आता तक्ता दाखवायचा ना?" वर्ग हसला, मॅडमही हसल्या. शेरा मिळाला : "प्रस्तावना परिणामकारक. फलकलेखन सुबक. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम."

मॅडमची चूक नाही. त्यांना त्या दिवशी तीन शाळांत मिळून सात पाठ पाहायचे होते. त्यांच्यासमोर जे मांडलं, तेच त्यांनी पाहिलं. सोळा आठवड्यांत माझा कोणताही पाठ सलग दोन दिवस त्याच वर्गावर कुणी पाहिला नाही. काल शिकवलेलं आज मुलांच्या वहीत उरलंय का, हे विचारणारा रकानाही नाही.

आता बदली तासांकडे येते.

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांकडे मतदार यादीचं काम होतं. ते नसले की यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरायला ऑफिसात. सर मनाने चांगले, शिकवायची हौस असलेले, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस वर्गाबाहेरच. मग सकाळी शिपाईकाका बदली तासांचा कागद घेऊन यायचे आणि त्यावर आम्हा चौघी-पाच जणींची नावं असायची. मुलं याला ऑफ तास म्हणतात. ऑफ तासाला मॅडम आल्या की वर्गाचा चेहरा पडतो, कारण मैदान हुकतं. या तासाला टाचण नाही, तक्ता नाही, मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेली मैत्रीण नाही. पस्तीस मिनिटं, खडू आणि 52 जण.

पहिले दोन-तीन तास मी पाढे म्हणवून घालवले, हेही लिहून ठेवते.

चौथ्या की पाचव्या बदली तासाला मी फळ्यावर 273 लिहून वाचायला सांगितलं. मागच्या बाकावरच्या मुलीने वाचलं, "दोनशे सत्तर तीन." वर्ग हसला. मी म्हटलं, "नीट वाच." ती पुन्हा तेच म्हणाली आणि खाली बसली. पुढचे आठ दिवस ती माझ्या तासाला तोंड उघडेना. मी घरी जाऊन हिशेब केला. ही मुलं 2019 साली दुसरीत होती. त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" असं वाचायची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. जुनी नावंही पुस्तकात होती, पण वाद झाला तो "वीस एक"चाच. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा मांडलेला मुद्दा साधा होता : मराठीत आपण आधी एकक बोलतो आणि लिहितो मात्र दशक आधी, त्यात लहान मूल अडखळतं. माणसं तावातावाने भांडली. आणि 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. या पोरांची तिसरी आणि चौथीचा बराचसा भाग घरात, रानात किंवा फडावर गेला. त्र्याहत्तर हा शब्द त्यांच्या कानावर पुरेसा पडलाच नाही. बाजारात आई "सत्तर न् तीन" म्हणते, मोबाइलवर भलतंच ऐकू येतं.

त्या मुलीला दशक-एकक उत्तम कळत होतं. तिला फक्त नाव येत नव्हतं. नाव आणि समज यातला फरक मला बी.एड.च्या पुस्तकात पाठ होता, आणि फळ्यासमोर मी तिला "नीट वाच" म्हणाले.

नवव्या दिवशी मी फळ्यावर एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी अशी नुसती अक्षरात नावं लिहिली आणि म्हटलं, ही नावं ज्याने ठेवली त्याच्याशी आज भांडायचं. पोरं सुटलीच. एकोणसाठात साठ आहे पण साठ नाहीत! सदतीस आणि त्र्याहत्तर एकमेकांचे कोण लागतात? त्या दिवशी तिने हात वर केला. हा तास जर निरीक्षणाला असता तर उद्दिष्टांच्या रकान्यात मी काय लिहिलं असतं, कोण जाणे.

आठवीच्या गणितात "सूट व कमिशन" हे प्रकरण आहे. त्यावरचा माझा रीतसर पाठ झाला, त्यात विक्रेता होता, दलाल होता, दुकानाच्या पाटीवर सवलत होती, सहीही झाली. चार दिवसांनी बदली तासाला मी सहज विचारलं, "कमिशन कोण कोण घेतं?" दलाल कुणीच म्हणालं नाही. तीन-चार आवाज एकदम आले : "मुकादम!" मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवून कारखान्याला देणारा.

"किती?"

"ईस टक्के."

"ईस टक्के कशावर?"

शांतता. मग एकाचा आवाज, "म्हंजी?"

सभासदहो, शेकडेवारीचा सगळा जीव त्या "कशावर" या शब्दात आहे. पुस्तकातल्या उदाहरणात तो शब्द आयता दिलेला असतो, म्हणून मुलं तो ओलांडून थेट गुणाकाराला जातात. इथे तो कुणालाच माहीत नव्हता. एक पोरगा, ज्याचा चुलता मुकादम आहे, ठामपणे म्हणाला की कमिशन कारखाना वरून देतो, मजुराच्या पैशाला हात लागत नाही. एक मुलगी तितक्याच ठामपणे म्हणाली की आमच्यातूनच कापतात, मी हिशोबाच्या वेळी बसलेले असते. मी म्हटलं, दोन्ही मांडून बघू. 2024 च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, टनामागे साधारण 273 चे 366 रुपये. हे आकडे मला नाही, त्यांना माहीत होते. त्यांच्या घरात तो पगारवाढीचा निकाल होता.

366 चे वीस टक्के 73 रुपये 20 पैसे. वरून दिले तर कारखान्याच्या खिशातून टनामागे 439 रुपये 20 पैसे जातात. आतून कापले तर मजुराच्या हातात 292 रुपये 80 पैसे उरतात. फळ्यावर दोन्ही रांगा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मग मीच खोडी काढली : तेच 73 रुपये 20 पैसे कारखान्याने दिलेल्या एकूण पैशाच्या किती टक्के? सगळे म्हणाले वीस. करून बघितलं तर सोळा पूर्णांक दोन तृतीयांश. मुकादमाचा पुतण्या वहीत खाली मान घालून तीनदा भागाकार करत होता आणि दर वेळी तेच येत होतं. "पैसं तेच न् टक्के कमी कसं?" हे तो पुटपुटला. सोळा आठवड्यांत मला विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न तो.

तास संपायला पाच मिनिटं होती. ती मागच्या बाकावरची मुलगी उठली. तिने विचारलं, 34 टक्के वाढवले, आणि उद्या कारखान्याने 34 टक्के कापले तर पहिल्यासारखे 273 च होतील ना? मी उत्तर दिलं नाही. तिलाच फळ्यापाशी बोलावलं. 366 चे 34 टक्के 124 रुपये 44 पैसे, वजा करून उरले 241 रुपये 56 पैसे. ती फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मंग ह्ये तर फसवणं झालं." घंटा झाली, सर आले. फळा पुसायला माझ्या हातात डस्टर होता आणि पोरं ओरडत होती, "मॅडम, पुसू नका, लिहून घ्यायचंय." निरीक्षणाच्या कोणत्याही पाठाला ही ओरड मी ऐकली नाही.

हे माझं कौतुक म्हणून सांगत नाही. मी ठरवून काही केलंच नव्हतं. ते घडलं, कारण मी त्या वर्गात सातव्या आठवड्यात होते, कोण कुणाचा पुतण्या आहे ते मला माहीत होतं, आणि त्या पस्तीस मिनिटांत मला टाचणातल्या सोपानांवरून चढून मूल्यमापनापर्यंत पोचायचं नव्हतं. सोळा आठवड्यांनी दिलेली खरी देणगी ही. तिला गुण शून्य.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा वर्गात 31 मुलं होती. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली घरं तोडीला गेली होती. काही मुलं आजीकडे राहिली, काहींची नावं हंगामी वसतिगृहाच्या यादीत होती, उरलेली आईबापाबरोबर कोयत्याच्या गाडीत. आणि मला अजून तीन पाठ "काढायचे" होते. टाचणाच्या डोक्यावर एक ओळ असते : विद्यार्थी संख्या. मी 31 लिहिलं. तपासणीला ते खोडून 52 करायला सांगितलं गेलं, कारण फाइलीतल्या बाकी पाठांवर 52 आहे आणि आकडे जुळले पाहिजेत. मी 52 केलं. मला त्याची लाज वाटते, म्हणून इथे लिहिते आहे. गेलेल्या 21 मुलांना माझ्या फाइलीने हजर दाखवलं. त्यात ती मागच्या बाकावरची मुलगीही आहे.

तिच्या गैरहजेरीत घटक चाचणी झाली. चाचणीच्या विश्लेषणात मी सरासरी काढली, आलेख काढला, निष्कर्ष लिहिला : "विद्यार्थ्यांची संपादणूक समाधानकारक." कुणाची, हे विचारायला जागा नाही.

म्हणून माझं मागणं. मोठं नाही, आणि शाळांना किंवा कॉलेजांना त्यासाठी पैसाही लागत नाही.

सुटे पाठ कमी करा आणि एक अख्खं प्रकरण एका वर्गावर पहिल्यापासून शेवटपर्यंत आमच्या अंगावर टाका. सलग दहा-बारा तास. त्यात एखादा तास फसेल, फसू द्या. दुसऱ्या दिवशी तो कसा सावरला यावर गुण द्या. आज पाठ फसला की छात्राध्यापक तो "परत काढतो", दुसऱ्या तुकडीवर, पहिल्या तुकडीला तसाच लोंबकळत ठेवून. मी दोनदा काढलाय.

निरीक्षकांनी यावं, पण त्यातल्या निदान एका भेटीत त्यांनी मागच्या बाकावर बसून माझा पाठ पाहण्याऐवजी मुलांच्या चार वह्या उघडाव्यात. माझा फळा सुबक आहे की नाही ते त्या वह्यांतही दिसेलच.

बदली तासांची नोंद ठेवू द्या. साधी वही : तारीख, वर्ग, हजर किती, काय विचारलं, कुणी काय म्हटलं, माझं काय चुकलं. तिला तपासणी नको, शिक्का नको. तोंडी परीक्षेत त्यातलं एक पान उघडून विचारलंत तरी पुरे. माझ्या अंदाजाने या एका वहीमुळे अजून एक गोष्ट उघडी पडेल, आणि ती तुम्हालाही माहीत आहे. शाळेचं तोंड न पाहता सोळा आठवडे "पूर्ण" करणारे नॉन-अटेंडिंग भाऊबंद. तयार टाचणं कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. "पैसं तेच न् टक्के कमी कसं?" हे झेरॉक्सवाल्याकडे मिळत नाही.

आणि विद्यार्थी संख्येच्या ओळीत त्या दिवशीचा खरा आकडा लिहायची मुभा असू द्या, पानापानावर वेगळा असला तरी. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शाळेत दिवाळीआधीचा आणि नंतरचा आकडा सारखा असेल तर निरीक्षकाने उलट थांबून विचारायला हवं.

विद्यावेतनाचं मागणं मी इथे करत नाही. महिलांना एसटीचं अर्धं तिकीट आहे म्हणून माझं निभलं, माझ्याबरोबरच्या मुलांचं कसं निभलं ते त्यांनाच विचारा. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, बाई, टीईटी ही पात्रता परीक्षा द्यायची, टेट ही अभियोग्यता परीक्षा द्यायची, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघायची, त्यात हे कुठे घेऊन बसलीस. खरं आहे. मीही अभ्यासाला बसलेच आहे. पण कधी तरी शिक्षणसेवक म्हणून एखाद्या वर्गात उभी राहीन तेव्हा तिथे मला एकही निरीक्षण पाठ मिळणार नाही. सगळे बदली तासच असतील.

फाइल सोमवारी जमा करायची आहे. माझ्याकडे एक चौकटीची वही आहे, तिच्यात चौदा बदली तास लिहिलेले आहेत, 31 चा आकडाही तिच्यात आहे. ती मी फाइलीच्या मागे सुतळीने बांधून देणार आहे. अनुक्रमणिकेत तिला जागा नसल्यामुळे तिच्या पानांना क्रमांक घातलेले नाहीत.

आपली विश्वासू,
एक छात्राध्यापिका
(गणित-विज्ञान पद्धती, द्वितीय वर्ष)